जुनी गाडी, लांबचा घाट: निघण्यापूर्वी काय पाहायचं

दुर्गम रस्त्यावर जुनी गाडी बंद पडते तेव्हा कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं. पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागापर्यंत, पोचत नाही; प्लगला ठिणगी मिळत नाही, किंवा इंजिन तापतं. चार पाने, पक्कड आणि मोजके सुटे भाग जवळ असतील तर या तिन्ही गोष्टी रस्त्याच्या कडेला निस्तरता येतात. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकं यांचं तसं नाही. तिथे बिघाड झाला की कडेला घेऊन थांबायचीही सोय राहत नाही. म्हणून तयारीचा निम्म्याहून जास्त वेळ या दुसऱ्या गटावर घालवावा, असं माझं ठाम मत आहे. प्रत्यक्षात उलटं होतं: नवे प्लग, नवं ऑइल, नवी पॉलिश, आणि ब्रेकचे ड्रम मात्र कित्येक वर्षांत उघडलेले नसतात.

इथे डोळ्यांसमोर आहे ती १९५० ते १९८० च्या दरम्यानची, कार्ब्युरेटर आणि पॉइंटवर (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांवर) चालणारी साधी पेट्रोल गाडी, आणि जिथे पुढचं गॅरेज एक-दोन दिवसांवर आहे असा डोंगराळ रस्ता.

ब्रेकपासून सुरुवात करू. चारही चाकं काढा, ड्रम उतरवा. व्हील सिलिंडरचं (ब्रेकचे शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरचं) रबरी बूट स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकेच उचलून बघा. आत कोरडं असेल तर ठीक. ओल दिसली तर सील गेलं, आज थेंब आहे तो पहिल्या मोठ्या उतारावर धार होईल. लायनिंग (शूवरचा घासणारा थर) रिव्हेटचं असेल तर रिव्हेटच्या डोक्यावर किमान दीड-दोन मिलिमीटर जाडी शिल्लक हवी. ड्रममधली धूळ फुंकून उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतो. ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्या. रबरी ब्रेक होज बाहेरून धड दिसला तरी आतून फुगलेला असू शकतो. मग पेडल दाबल्यावर ऑइल जातं, सोडल्यावर परत येत नाही, ब्रेक धरून राहतो आणि ते चाक इतरांपेक्षा गरम लागतं. दहा वर्षांहून जुने होज तपासत बसू नका, सरळ बदला.

१९६० च्या दशकाच्या शेवटापर्यंत अनेक गाड्यांना एकच ब्रेक सर्किट असे. त्यात एका चाकाशी गळती झाली की चारही ब्रेक जातात आणि हातात राहतो फक्त हँडब्रेक. अशा गाडीत हँडब्रेक हाही चालत्या गाडीचा ब्रेक समजून पूर्ण नीट करायचा: केबल मोकळी, दोन्ही मागची चाकं सारखी धरणारी, तीव्र चढावर गाडी रोखणारी.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरत जातो. डॉट ही त्याची प्रत: डॉट ३ ला नव्याने उकळायला किमान २०५ अंश सेल्सिअस लागतात, पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. डोंगरात जाण्यापूर्वी सगळं ऑइल बदलून डॉट ४ भरणं हा सगळ्यात स्वस्त विमा आहे. त्यानंतर दर दोन वर्षांनी. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही. ५.१ वेगळं, ते ४ च्या कुळातलं आहे. नावाच्या या घोळापायी लोक चुकीची बाटली ओततात.

आता उतार का इतका कठीण, ते आकड्यांत बघा. आल्प्समधल्या स्टेल्व्हिओ घाटाची उंची २,७५७ मीटर आहे. त्याच्या ईशान्येकडच्या बाजूला क्रमांक दिलेली ४८ वळणं आहेत आणि सुमारे २४ किलोमीटरमध्ये रस्ता १,८०० मीटर खाली येतो. माणसं-सामान धरून एक टनाची गाडी तिथून उतरताना जी ऊर्जा सोडते, तिच्यात सुमारे ५० लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. ती सगळी ब्रेकवर टाकली तर काय होईल ते सांगायला नको. इंजिनाने ती वाटून घ्यायलाच हवी. ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि तो गिअर उतार सुरू होण्यापूर्वी टाकायचा. अनेक जुन्या गिअरबॉक्समध्ये पहिल्याला सिंक्रोमेश (गिअरचा वेग जुळवून देणारी सोय) नसतो. उतारावर वेग वाढल्यावर पहिला शोधत बसलात तर गाडी न्यूट्रलमध्येच पळू लागते. पेडलवर पाय ठेवून घासत उतरू नका. थोडा वेग वाढू द्या, मग ठामपणे दाबा, पूर्ण सोडा, लायनिंगला वारा लागू द्या.

ब्रेक मंद होण्याचे दोन प्रकार असतात आणि पायाला ते वेगळे कळतात. पेडल नेहमीसारखं टणक आहे पण गाडी थांबत नाही, तेव्हा लायनिंग तापून त्याची पकड गेली. पेडल मऊ होऊन खाली जातं, तेव्हा ऑइल उकळून त्यात वाफ झाली. ड्रममध्ये तिसरी भर पडते: ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, पेडलला जास्त अंतर जावं लागतं. कुठलंही लक्षण दिसलं की थांबा. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा, तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढू नका, पाणी तर मुळीच ओतू नका. बीडाच्या ड्रमला तडा जातो. अर्धा तास गेला की बहुतेक वेळा ब्रेक परत येतात. ऑइल उकळलेलं असेल तर मात्र ते पुढच्या मुक्कामी बदलायचंच.

चाकांच्या बाबतीत पहिली गोष्ट टायरचं वय. कडेवर डॉट या खुणेनंतरच्या आकड्यांतले शेवटचे चार बघा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० पूर्वीचा आहे, नक्षी कितीही खोल असली तरी काढून टाका. हौशी गाड्या कमी चालतात, त्यामुळे टायर झिजण्याआधी सुकतो, कडेला बारीक भेगा पडतात आणि खडीवर कड फाटते. स्टेपनीचा टायरही याच हिशोबात धरा, तो बहुधा सगळ्यात म्हातारा असतो. तारांच्या चाकांत ट्यूब हवीच, आणि प्रत्येक स्पोक पान्याने हलकेच वाजवून बघा. ढिला स्पोक बद्द वाजतो.

पुढच्या बेअरिंगचं जुनं ग्रीस पूर्ण धुऊन नवं भरा. किंगपिन आणि ट्रनिअन (पुढचं चाक ज्यांवर वळतं ते सांधे) यांच्याकडे दुर्लक्ष झालं की काय होतं हे मॉरिस मायनरवाल्यांना विचारायला नको: सांध्याचे आटे झिजतात आणि चाक आडवं होऊन गाडी पुढून जमिनीवर बसते. तिथे निपलमधून ग्रीस आत जातंय आणि जुनं बाहेर येतंय हे डोळ्यांनी पाहायचं. ट्रायम्फ हेरल्ड आणि स्पिटफायर यांच्या ट्रनिअनमध्ये ग्रीस नव्हे, गिअर ऑइल लागतं; ग्रीस घट्ट होऊन आट्यांपर्यंत पोचत नाही आणि पाणी आतच राहतं. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) यू-बोल्ट, शॉक अॅब्सॉर्बरचे बोल्ट आणि स्टिअरिंग बॉक्सचे माउंट पान्याने कसा, नुसते बघू नका.

इंजिन थंड ठेवण्याचं गणित उंचीवर बदलतं. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, ३,००० मीटरवर सुमारे ९० ला. मध्य आशियातल्या पामीर महामार्गावरची आक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे, तिथे ८५ च्या आसपास. रेडिएटरची झाकणी दाब धरून हा आकडा वर नेते. ७ पीएसआयची (पीएसआय हे दाबाचं एकक) झाकणी धड असेल तर साधं पाणी सपाटीला साधारण १११ अंशांपर्यंत तग धरतं, ३,००० मीटरवर १०४ पर्यंत. झाकणीचं रबर चिरलेलं असेल तर हा सगळा आधार जातो, आणि ही वस्तू जुन्या गाडीत क्वचितच कोणी बदलतं. कूलंट निम्मं आणि पाणी निम्मं ठेवा. त्याने उकळी सहा-सात अंश वर जाते आणि उणे ३५ च्या आसपासपर्यंत गोठण्याची भीती राहत नाही. गाडीच्या मूळ झाकणीपेक्षा जास्त दाबाची झाकणी लावायचा मोह होतो. लावू नका. जुना रेडिएटर किंवा हीटरचा गाभा तिथेच फुटेल.

रेडिएटर धुताना होजने पाणी खालून वर, म्हणजे उलट दिशेने सोडा, स्वच्छ येईपर्यंत. ब्लॉकचा ड्रेन नळही उघडा. मागच्या सिलिंडरभोवती गंजाचा चिखल साचतो आणि रेडिएटर नवा असूनही गाडी चढावर तापते, त्याचं कारण पुष्कळदा हा चिखल असतो. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय चुकीची आहे, थंड पहाटे इंजिन कधीच नीट तापत नाही आणि ऑइलमध्ये पाणी राहतं. उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का ते बघा, न उघडल्यास बदला. फॅनबेल्ट दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वाकायला हवा.

चढावर काटा वर सरकू लागला तर गिअर खाली घ्या आणि अॅक्सिलरेटर हलका करा. इंजिनाचे फेरे वाढले की पंखा आणि पंप दोन्ही जोरात फिरतात. हीटर पूर्ण उघडा, तो दुसरा छोटा रेडिएटरच आहे. थांबावं लागलं तर वाऱ्याकडे तोंड करून थांबा आणि इंजिन जरा वरच्या आयडलवर चालू ठेवा. होज फुटला असेल किंवा बेल्ट तुटला असेल तर मात्र लगेच बंद. फोक्सवॅगन बीटलमध्ये तर हे फार महत्त्वाचं: जो बेल्ट वीज बनवणारा डायनॅमो फिरवतो तोच थंड करणारा पंखा फिरवतो. चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि "बॅटरीचं बघू पुढे" म्हणून चालवत राहिलात, तर काही किलोमीटरमध्ये इंजिन जातं.

पेट्रोलच्या वाटेवर आजचा मोठा प्रश्न इथेनॉलचा आहे. ते जुन्या रबराला मऊ करतं, टाकीतला वर्षांचा गोंद सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये आणून बसवतं. म्हणून सगळी रबरी नळी इथेनॉल सहन करणारी घाला. एसएई जे३० आर९ असं छापलेली नळी चालते. टाकीच्या बाजूला एक आणि कार्ब्युरेटरआधी एक असे दोन पारदर्शक फिल्टर ठेवा आणि आणखी दोन-तीन बरोबर घ्या. टाकी उतरवून धुतली असेल तर उत्तम, नाहीतर काटा पावच्या खाली जाऊ देऊ नका. खाली गाळ असतो आणि खडबडीत रस्त्यावर तो ढवळला जातो.

एअर लॉक होतो तो नळीत पेट्रोलची वाफ झाल्यामुळे. इंजिनाच्या अंगाला चिकटलेला यांत्रिक पंप, एक्झॉस्टजवळून जाणारी नळी, चढ, कमी वेग, आणि उंचीमुळे उतरलेला उत्कलनबिंदू, सगळं एकाच वेळी जुळून येतं. उपाय क्रमाने: नळी एक्झॉस्टपासून लांब घ्या, पंप आणि ब्लॉकमध्ये बेकेलाइटचा जाड स्पेसर घाला, कार्ब्युरेटरखालीही तसाच घाला. पंपाचा स्पेसर घालताना दट्ट्याची पोच कमी होते हे लक्षात ठेवा आणि दाब पुन्हा तपासा. शेवटचा पक्का उपाय म्हणजे टाकीजवळ विजेचा पंप, कारण तो ढकलतो, ओढत नाही. ओढताना दाब कमी होऊनच वाफ धरते. पंप कार्ब्युरेटरचाच घ्या, २ ते ४ पीएसआयचा. इंजेक्शनच्या गाडीचा बसवला तर कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई तो दाब रोखू शकत नाही आणि इंजिनावर पेट्रोल सांडतं. धक्का बसल्यावर वीज तोडणारा स्विचही त्याच वायरीत घाला. रस्त्यात अडकलात तर पंपावर ओलं फडकं टाका, बॉनेट उघडा, पंधरा मिनिटं थांबा. मोठा चढ चढून आल्याबरोबर इंजिन बंद करू नका, दोन मिनिटं आयडलवर राहू द्या. बंद केल्यावर वारा थांबतो आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळायला लागतं. त्यानंतर सुरू करताना पेडल पूर्ण दाबून धरा, पंप मारू नका.

उंचीवर हवा विरळ होते, पेट्रोल मात्र जवळजवळ तेवढंच येत राहतं. दर हजार मीटरला ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते. सपाटीला ४० अश्वशक्ती देणारं इंजिन ३,५०० मीटरवर २७-२८ वर येतं, तेही मिश्रण नीट असेल तर. काळा धूर, काजळलेले प्लग, आयडलवर अडखळणं ही मिश्रण जाड झाल्याची, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झाल्याची, खूण. सोलेक्स किंवा वेबर कार्ब्युरेटरमध्ये मेन जेटवरचा (पेट्रोल येतं त्या भोकाचा) आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. १२५ च्या जागी १२० घाला. दर दीड हजार मीटरला एक पायरी हा सुरुवातीचा अंदाज, पुढे प्लगचा रंग बघून ठरवा. एसयू कार्ब्युरेटरमध्ये खालचा जेटचा नट वर फिरवला की मिश्रण पातळ होतं. एका वेळी नटाचा एकच पैलू. विरळ मिश्रण सावकाश जळतं, म्हणून टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) दोन ते चार अंश पुढे घेतलं तर गेलेल्या ताकदीतली थोडी परत मिळते. एका दिवसात खिंड ओलांडून खाली उतरायचं असेल तर यातलं काहीच करू नका. वर मुक्काम असेल तरच हा खटाटोप.

ठिणगीच्या बाजूला मी नवेपणावर विश्वास ठेवत नाही. आजकाल मिळणारे डिस्ट्रिब्युटरमधले (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागातले) कंडेन्सर आणि रोटर कधी कधी शंभर किलोमीटरमध्ये जातात, तर जुना चाळीस वर्षं चाललेला असतो. म्हणून नवा भाग आधी गाडीत लावून दोन-तीनशे किलोमीटर चालवायचा आणि मग काढून सुटा भाग म्हणून बरोबर घ्यायचा. पॉइंटची फट बहुतेक चार सिलिंडरच्या गाड्यांत ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते. पॉइंटची फायबरची टाच झिजते तशी फट कमी होते आणि टायमिंग मागे सरकतं. मग गाडी चढावर मंद होते आणि तापते, आणि लोक रेडिएटर खोलून बसतात. टाचेला कणभर ग्रीस लावा. शक्य असेल तर पॉइंट, कंडेन्सर आणि रोटर बसवून फट लावलेला अख्खा दुसरा डिस्ट्रिब्युटर बरोबर ठेवा. पावसात, बॅटरीच्या उजेडात बारीक स्क्रू शोधण्यापेक्षा एक बोल्ट सैल करून तो बदलणं केव्हाही बरं.

डायनॅमोची गाडी असेल तर विजेचा हिशोब ठेवा. लुकासचा सी४० डायनॅमो २२ अॅम्पिअरपर्यंत देतो, आयडलवर जवळजवळ काहीच नाही. १२ व्होल्टवर दोन हेडलाइट दहा अॅम्पिअर घेतात, वायपर, हीटरचा पंखा आणि विजेचा पेट्रोल पंप धरला तर पावसातल्या रात्री शिल्लक राहत नाही. दिवसा चालवणं हाच यावरचा तोडगा. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. त्यात फोनचा चार्जर किंवा नवा रेडिओ तसाच जोडला की जळतो.

सुट्या भागांचं वजन खूप होऊ देऊ नका. रेडिएटरचे दोन्ही होज, बेल्ट, दोन मीटर पेट्रोलची नळी, क्लिपा, पंपाचा डायाफ्राम, क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या केबल, व्हील सिलिंडरचे सील, एक लिटर ब्रेक ऑइल, तीन लिटर इंजिन ऑइल, दहा लिटर पाणी, टाकीचं भोक बुजवायची इपॉक्सी पुट्टी, तार, स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप. जॅकखाली ठेवायला जाड फळी, कारण मऊ मातीत जॅकच आत जातो. दोन किलोचा अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा, डिकीत नाही.

पेट्रोलचा आराखडा करताना टाकीत येतं त्याच्या दोन तृतीयांशावरच भरवसा ठेवा. चढावर आणि उंचीवर खप सहज दीडपटीच्या आसपास जातो. सपाटीला लिटरला १२ देणारी गाडी तिथे ८-९ देते. लोखंडी कॅनमध्ये वर थोडी जागा सोडा आणि तो बसायच्या जागेत ठेवू नका. १९०७ च्या पेकिंग ते पॅरिस मोहिमेत वाळवंटातल्या टप्प्यांवर पेट्रोल उंटांच्या तांड्यांनी आधी पोचवून ठेवलं होतं. दुर्गम वाटेवर पुरवठा गाडीच्या पुढे जायला हवा, ही गोष्ट त्या पहिल्या मोहिमेपासून बदललेली नाही.

निघण्यापूर्वी किमान तीनशे-पाचशे किलोमीटरची चाचणी घ्या, भरल्या वजनाने, एखाद्या खऱ्या घाटात. त्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा कसा, व्हाल्व्हची फट थंड इंजिनावर किंवा पुस्तकात सांगितलं असेल तशी लावा. चाचणीनंतरच्या आठवड्यात नवं काही बसवू नका.

वाटेत रोज सकाळी पंधरा मिनिटं: ऑइल, पाणी, ब्रेक ऑइलची पातळी, बेल्ट, टायरची हवा थंड असताना, चाकांचे नट, आणि गाडी उभी होती त्या जागी जमिनीवर काय सांडलंय ते. कच्च्या रस्त्यावर हवा दहा-पंधरा टक्के कमी करा, डांबर लागल्यावर परत भरा. ओढा ओलांडताना आधी पायी जाऊन खोली बघा. पाणी पंख्यापर्यंत येत असेल तर बेल्ट सैल करा, नाहीतर पंखा ते थेट डिस्ट्रिब्युटरवर उडवतो. पलीकडे गेल्यावर ड्रम कोरडे होईपर्यंत ब्रेक हलका दाबत चाला. दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटर पुरे. त्याहून जास्त ठरवलं की सकाळचं पाहणं सुटतं आणि शेवटचा घाट अंधारात येतो.

खाली आल्यावर मेन जेट आणि टायमिंग मूळ जागी न्यायचं काम पहिल्याच थांब्यावर करा. उंचीसाठी पातळ केलेलं मिश्रण आणि पुढे घेतलेलं टायमिंग घेऊन सपाटीवर वेगाने गेलात, तर इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकतं. मग चाकं काढून ड्रममधली धूळ पुसा, किंगपिनला ग्रीस द्या, पाणी लागलं असेल तर मागच्या अॅक्सलचं ऑइल थोडं काढून रंग बघा. दुधट असेल तर त्याच दिवशी बदला.